प्लॉट : काळीतला आणि पांढरीतला

इंग्रजीतून आपल्या बोलीत आलेले काही शब्द आता पाहुणे राहिलेले नाहीत. पंप, मोटार, बिल, पाइप, नंबर यांना आज कोणी परके म्हणत नाही, आणि म्हणूही नये. वापराने शब्द आपला होतो. मात्र घरात कायमचा राहावयास आलेल्या माणसाचा स्वभाव जसा समजून घ्यावा लागतो, तसा शब्दाचाही घ्यावा लागतो. 'प्लॉट' हा असाच एक शब्द. कोणी त्याला 'पलाट' म्हणते, कोणी 'प्लाट'. तोंडात सहज बसतो, म्हणून आपण तो सढळ हाताने वापरतो. पण त्यातून किती वेगवेगळ्या वस्तू दाखवतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. हा हिशेब ठेवणे भाग आहे, कारण या शब्दापायी आपल्या शेतकरी घरांतला पुष्कळ पैसा इकडचा तिकडे होतो.

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघाले की हवेली तालुक्यातले वाघोली गाव लागते. वाघेश्वराचे देऊळ, त्याच्याशेजारचा तलाव आणि सरदार पिलाजी जाधवरावांची समाधी यांमुळे जुन्या लोकांना ते ठाऊक आहे. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत जी २३ गावे घेतली, त्यांत वाघोलीही होती. रस्त्याकडेच्या एखाद्या चहाच्या हॉटेलात अर्धा तास बसले तर 'प्लॉट' हा शब्द दहा वेळा कानावर पडेल, आणि दरवेळी त्याचा अर्थ निराळा असेल. पुरंदरकडचा डाळिंबवाला म्हणतो, "औंदा आमचा प्लॉट चांगला फुललाय." शेजारचा नोकरदार म्हणतो, "आमच्या प्लॉटला पाणीच नाही." आता याला पाट हवा की टँकर, हे पुढचे वाक्य ऐकल्याखेरीज कळत नाही. तिसऱ्याला कारखान्यासाठी औद्योगिक वसाहतीत प्लॉट मिळालेला असतो. नाशिककडचा बागाईतदार 'प्लॉट काढला' म्हणतो तेव्हा त्याने द्राक्षाची बाग मुळासकट उपटलेली असते, आणि वाघोलीत कोणी 'प्लॉट काढले' म्हणाले तर त्याने जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून ती विकावयास काढलेली असते. म्हणजे दोन्हीकडे बाग गेली, एवढे साम्य आहे खरे.

आम्ही शेतकी खात्याची माणसेही या गोंधळाला हातभार लावतो. आमच्या कागदांत चाचणी प्लॉट, प्रात्यक्षिक प्लॉट, बीजोत्पादन प्लॉट, पीक कापणीचा प्लॉट, असा नुसता सुकाळ असतो. वीसएक वर्षांपूर्वी या पट्ट्यात रस्त्यालगतच्या एका शेतात बाजरीचे प्रात्यक्षिक घेतले होते. रिवाजाप्रमाणे पाटी लावली : प्रात्यक्षिक प्लॉट, क्षेत्र ४० गुंठे. दुसऱ्या दिवसापासून मोटारी थांबू लागल्या. "काय दराने चाललाय प्लॉट?" घरधनी संकोची माणूस, तो काही बोलेना. शेवटी कारभारीणच पुढे झाली आणि म्हणाली, "दर बाजरीचा सांगते, पायजे तर पोतं घेऊन जावा." पण तिच्या सासऱ्याला ही गोष्ट थट्टेची वाटली नाही. भावकीत बोलबाला झाला होता, की म्हाताऱ्याने रस्त्याची पट्टी विकली. मग पाटीवरचा 'प्लॉट' शब्द चुन्याने पुसला आणि त्या जागी 'शेत' असे लिहिले. त्यानंतर मोटारी थांबल्या नाहीत.

गंमत अशी की हा शब्द मुळात शेतातलाच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जमिनीचा लहान तुकडा, एवढाच. पुढे त्या तुकड्याच्या नकाशाला, आराखड्यालाही तोच शब्द लागला. घराला आराखडा असतो तसा नाटकालाही असतो. म्हणून कथानकाला 'प्लॉट' म्हणू लागले. आजही सिनेमाची माणसे 'प्लॉट चांगला आहे' म्हणतात तेव्हा ती गोष्टीबद्दल बोलत असतात. आणि सोळाव्या शतकात, कट या अर्थाच्या एका फ्रेंच शब्दाची संगत लागून, या शब्दाला कारस्थान असाही अर्थ चिकटला. १६०५ साली लंडनच्या पार्लमेंटखालच्या तळघरात दारूची पिंपे भरून राजासकट सगळे उडवून देण्याचा बेत उघडकीस आला. त्यालाही 'प्लॉट'च म्हणतात, आणि तिकडे दर ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटवून त्याची आठवण काढतात. जमीन, रचलेली गोष्ट आणि कट हे तीन अर्थ इंग्रजीत एका शब्दात नांदतात. आपल्याकडच्या काही प्लॉटिंगच्या धंद्यात हे तिन्ही एकदमच हजर असतात, हे अनुभवी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आपल्या भाषेने मात्र याबाबतीत मोठे शहाणपण दाखवले होते. जमिनीच्या तुकड्याला तिने एकच नाव दिले नाही. वावर, पट्टी, मळा, माळ, खाचर, वाफा या प्रत्येक शब्दातून जमिनीचा पोत, तिचे पाणी, आकार किंवा तिच्यावरचे पीक कळते. खाचर म्हटले की भात डोळ्यांपुढे येते, मळा म्हटले की विहीर. आणि या सगळ्यांच्या वर एक मोठा भेद होता, तो म्हणजे काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसावयाची जमीन, पांढरी म्हणजे राहावयाची. घरांच्या भिंतींची माती, चुलीची राख, गोठ्याची झाडलोट पिढ्यान्पिढ्या मिसळून गावठाणाची माती पांढुरकी होते, त्यावरून ते नाव पडले. जुन्या अमलात काळीचा महसूल वेगळा आणि पांढरीवरच्या पट्ट्या वेगळ्या असत. जुनी वस्ती शोधणारे पुराणवस्तुसंशोधकही गावात गेले की आधी पांढरी कुठे आहे ते विचारतात. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातले इनामगाव अशाच टेकाडांवर आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आली.

काळी आणि पांढरी यांमधली ही रेघ 'प्लॉट' या शब्दाने पुसली. ज्वारीचे वावरही प्लॉट आणि घराची जागाही प्लॉट. बोलणाऱ्याच्या मनात पांढरी असते, कागदावर मात्र काळीच असते, आणि ऐकणारा 'प्लॉट' एवढे ऐकून पैसे मोजतो. ते पुढे येईलच. पण आधी माझ्या धंद्यातल्या प्लॉटविषयी थोडे सांगावयाचे आहे, कारण तेथेही शेतकऱ्याचा पैसा गुंतलेला असतो.

शेतकी कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला 'पानसे-सुखात्मे' हे जोडनाव ठाऊक असते. शेतीच्या प्रयोगांना लागणाऱ्या संख्याशास्त्राचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले, आणि आम्ही ते परीक्षेपुरते का होईना पण घोकले. यांतले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. जन्म १९११ चा. १९४० नंतरच्या दशकात देशात धान्य किती पिकते याचा भरवशाचा आकडा सरकारला हवा होता. सगळे शेत कापून मोजणे शक्य नाही, म्हणून एक छोटा तुकडा आखून तेवढाच कापावयाचा आणि त्यावरून अंदाज बांधावयाचा. पण तो तुकडा किती मोठा घ्यावा? कलकत्त्याचे प्राध्यापक महालनोबिस अगदी लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष कापण्या करून दाखवून दिले, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खोटेच जास्त दिसते. १९४६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

असे का होते, ते आपल्या शेतातल्या अनुभवावरून चटकन ध्यानात येईल. दोरी लावून चौकोन आखला की काही ताटे बरोबर दोरीवर येतात. ती आत धरावयाची की बाहेर? कापणाऱ्याचा हात आपोआप त्यांना आत ओढतो. तुकडा १ मीटर बाय १ मीटर असेल तर १ चौरस मीटर जागेला ४ मीटर कडा येते. तोच १० मीटर बाय ५ मीटर असेल तर ५० चौरस मीटरला ३० मीटर, म्हणजे १ चौरस मीटरला जेमतेम ६० सेंटिमीटर कडा येते. जितकी कडा कमी, तितकी दोरीवरची लबाडी कमी. साताऱ्याच्या या माणसाने बांधावरचे हे साधे सत्य गणितात बसवले आणि सरकारी आकड्यांना शिस्त लावली.

आपल्याकडे बऱ्याच पिकांच्या कापणी प्रयोगाला १० मीटर बाय ५ मीटरचाच प्लॉट असतो. पीकविम्यात हा तुकडा फार मोठा माणूस होऊन बसतो. हेक्टरात असे २०० तुकडे मावतात. म्हणजे त्या तुकड्यात १ किलो धान्य इकडचे तिकडे झाले की हेक्टरी उत्पन्नात २ क्विंटलचा फरक पडतो. आणि विम्याचा निकाल एकट्या त्या शेतकऱ्याचा नसून साऱ्या महसूल मंडळाचा लागतो. म्हणूनच तुकडा कुठे आखावयाचा हे चिठ्ठीच्या आकड्याने ठरते, कोणाच्या मर्जीने नव्हे. तरीही बांधावर आर्जवे चालतात : "साहेब, त्या वाळक्या कोपऱ्यात घ्या की." ज्याच्या शेतात प्रयोग होतो त्याने आणि गावातल्या दोघा-चौघांनी त्या वेळी हजर राहावे, दोरी बघावी, वजन बघावे आणि मगच सही करावी. सोयाबीन, बाजरीचे ओले वजन आणि वाळल्यावरचे वजन यांतला फरकही विचारून घ्यावा. हा आपला हक्क आहे. त्यात कोणाचा अवमान नाही.

प्रात्यक्षिक प्लॉटची तऱ्हा निराळी. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड या ठिकाणी १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्या शेतातल्या एका पट्टीला तेव्हापासून खत म्हणून काही घातलेले नाही. ती उपाशी पट्टी शेजारी आहे, म्हणून बाकीच्या पट्ट्यांचे खरे मोल कळते. आपल्याकडे औषधाच्या किंवा बियाण्याच्या दुकानाकडून 'प्लॉट बघायला चला' असे बोलावणे येते. गाडी येते, चहा-नाश्ता होतो. जावे, जरूर जावे. पण तेथे गेल्यावर एकच विचारावे : ज्याला हे औषध दिले नाही ती पट्टी कुठे आहे? ती नसेल तर आपण पाहिले ते चांगले पीक. औषधाचा गुण नव्हे. तो गुण पाण्याचा असेल, जमिनीचा असेल, किंवा मालकाच्या कष्टाचाही असेल.

आता पुन्हा वाघोलीकडे वळू. या वाचनात असलेल्या पुष्कळ घरांचा वाघोलीशी संबंध आहे तो घेणारा म्हणून. शिरूर, श्रीगोंदे, बीड, उस्मानाबादकडची (आता धाराशिव) मुले पुण्यात नोकरीला लागतात. गावाकडे कांद्याचे किंवा उसाचे दोन पैसे हाती आलेले असतात. आई गळ्यातले मोडावयास निघते, आणि पोरासाठी 'पुण्यात एक गुंठ्याचा प्लॉट' घेण्याचे ठरते. हौस योग्य आहे. पण घेताना आपण काळी घेतो आहोत की पांढरी, हे आधी पाहावे.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र गुंठा नसतो, आर असतो, आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. हा फरक लहान आहे. मोठा फरक पुढे आहे : तुम्हाला दाखवलेल्या गुंठ्यातच रस्ता धरलेला असतो का, हे बहुतेक जण विचारत नाहीत. शिवाय शेतजमिनीचे असे लहान तुकडे करण्याला १९४७ पासून कायद्याची बंदी आहे. २०२३ साली शासनाने बहुतेक जिल्ह्यांसाठी, शहरी हद्दी वगळून, बागाईत १० गुंठे आणि जिराईत २० गुंठे हे किमान क्षेत्र ठरवले. त्याखालचा तुकडा सरळ खरेदीखताने होत नाही, म्हणून वाट काढतात : दहा-अकरा अनोळखी माणसे एकत्र आणून सगळ्यांची नावे एका सातबाऱ्यावर सामाईक चढवतात. कागदावर तुमचे नाव येते, पण तुमचा तुकडा नेमका कोणता, हे त्या कागदावर कुठेही नसते. पुढे कर्ज काढावयाचे झाले की बँक विचारते, चतुःसीमा दाखवा. विकावयाचे झाले की बाकीच्या दहा जणांची संमती शोधावी लागते. त्यातले दोघे वारलेले असतात आणि एक दुबईला असतो. काही ठिकाणी तर तेवढेही नसते, नुसत्या नोटरीच्या कागदावर भागवतात.

अशा झालेल्या वस्त्यांना नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवली, आणि २०२५ मध्ये शहरी भागातल्या जुन्या तुकड्यांच्या व्यवहारांसाठी तुकडेबंदीच्या कायद्यातच बदल केला. या बदलांनी पुष्कळांची सोय झाली हे खरे. पण उद्या केव्हातरी नियमित होईल या आशेवर आज पैसे द्यावेत, असे मी कोणालाही सांगणार नाही. जाहिरातीत 'एन.ए. प्रस्तावित' असे छापतात. प्रस्तावित म्हणजे अजून झालेले नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. बिनशेतीचा हुकूम आणि मंजूर नकाशा डोळ्यांनी पाहावा, त्या नकाशातला आपला तुकड्याचा क्रमांक खरेदीखतात आला आहे का ते वाचावे, आणि तलाठ्याकडे (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जाऊन फेरफार स्वतः वाचून घ्यावा. मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच करून घ्यावी. विकणाऱ्याने रोवलेला दगड म्हणजे हद्द नव्हे.

विकणाऱ्या घरांबद्दल दोन शब्द. गावातली शेती विकली तर आयकर नाही, असा समज अजून पक्का आहे. तो खेड्यातल्या जमिनीपुरता खरा आहे. महापालिकेच्या हद्दीतली किंवा तिच्यापासून ठरावीक अंतरातली शेती विकली तर नफ्यावर कर येतो. ठरल्या मुदतीत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट मिळू शकते. व्यवहाराच्या आधी जाणकाराला विचारले तर ही सूट हाती लागते, पैसे खर्चून झाल्यावर नाही.

आणि लेकींचे काय? वावर होते तोवर बहिणींनी हिस्सा मागितला नाही. माहेरची भाकर चालू राहावी एवढीच त्यांची इच्छा होती. पण वावराचा प्लॉट झाला की दर फुटावर येतो आणि मग हक्कसोडपत्राची घाई सुटते. राखीपौर्णिमेला बोलावून, साडी देऊन अंगठे घेतल्याची उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. महाराष्ट्राने १९९४ सालीच लेकीला वडिलार्जित मिळकतीत हिस्सेदार केले. २००५ साली तो कायदा देशभर झाला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने येतो, त्या कायद्याच्या दिवशी वडील हयात नसले तरी. बहीण आपखुशीने सोडत असेल तर तो तिचा मोठेपणा. पण कशावर सही करते आहे ते तिला वाचून दाखवावे, आणि फुटाचा भावही सांगावा. बहिणीची सही राहिलेली मिळकत घेणाऱ्याच्या गळ्यात दहा वर्षांनीही दावा होऊन पडते, हे घेणाऱ्या घरांनीही ध्यानात ठेवावे.

वाघोलीच्या आसपास अजून काही घरे शेती करतात. दोन उंच इमारतींच्या कुंपणभिंतींमधली एक पट्टी मला ठाऊक आहे, पाऊण एकराची. खरिपात तेथे बाजरी असते. शेजारच्या सदनिकांतले लोक तिला 'मोकळा प्लॉट' म्हणतात. पुरुषभर उंच बाजरी उभी असते, तरी प्लॉट मोकळाच. म्हणून कचऱ्याच्या पिशव्या वरून बाजरीत येऊन पडतात. त्या घरातली सून रोज सकाळी त्या वेचते. एरवी शिवारभर बाजरी असली की पाखरे वाटली जातात, एका वावराला फार उपद्रव होत नाही. येथे साऱ्या भागात एवढेच दाणे, त्यामुळे कणीस दुधात आले की सगळी पाखरे याच पट्टीवर उतरतात. सासऱ्यांची गोफण घरात खुंटीला आहे, पण ती फिरवावी तर दगड कोणाच्या तरी खिडकीवर जाणार. म्हणून ते पत्र्याचा डबा वाजवतात. दिवस उगवता उगवता डबा सुरू झाला की तिसऱ्या मजल्यावरची बाई गॅलरीत येते आणि झोपमोड होते म्हणून ओरडते.